तहान

बाबांच्या बेडच्या डोक्याशी एक कागद चिकटवलेला होता, तोंडाने काहीही देऊ नये. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, नाकात नळी, हाताला सलाइन, म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबाने अंगात पाणी व्यवस्थित जात होतं, पण तोंडाला हा हिशोब कळत नाही. जीभ टाळूला चिकटलेली, ओठांना चिरा, आणि दर पाच-दहा मिनिटांनी एकच वाक्य, "तहान लागलीय गं." मी सिस्टरकडे बघायचे, त्या नकारार्थी मान हलवायच्या. शेवटी त्यांनीच एका वाटीत पाणी आणि गॉजच्या घड्या आणून दिल्या, म्हणाल्या ओठांवरून नुसता फिरवायचा, तोंडात पिळायचा नाही, चुकून श्वासनलिकेत गेलं तर फार महागात पडेल. मग अकरा रात्री माझं तेवढंच काम. गॉज बुडवायचा, वाटीच्या काठावर निथळायचा, ओठांवरून फिरवायचा.

मी जन्माने ख्रिस्ती. दर गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत ऐकत मोठी झाले, क्रुसावरची सात वाक्यं पाठ, आणि पाठ म्हणजे इतकी पाठ की त्यातलं एकही कधी नीट ऐकलं नव्हतं. त्या सातांत एक वाक्य मला कायम भरतीचं वाटायचं. पाचवं. "मला तहान लागली आहे." बाकीची बघा ना, "हे बापा, त्यांना क्षमा कर" आहे, शेजारच्या गुन्हेगाराला दिलेलं सुखलोकाचं वचन आहे, आईला शिष्याच्या हवाली करणं आहे, "पूर्ण झाले आहे" आहे, एकेकावर तासभर प्रवचन होऊ शकतं आणि होतंच. आणि मध्येच हे, तहान. प्रवचन करणारेसुद्धा इथे आले की घाईघाईने 'आत्म्यांची तहान' वगैरे अर्थ काढून पुढे सरकायचे. मीही सरकायचे. चाळीस वर्षं.

दुसऱ्या की तिसऱ्या रात्री, ओला गॉज हातात असतानाच, ते वाक्य डोक्यात आलं ते थेट स्पंजासकट आलं. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी योहानाच्या शुभवर्तमानात तिथे आंब भरलेलं एक भांडं ठेवलेलं आहे, कोणीतरी त्यात स्पंज बुडवतं, एजोब नावाच्या झुडपाच्या काठीला लावतं आणि त्याच्या तोंडाशी नेतं. आंब म्हणजे आंबट झालेला द्राक्षारस, रोमन शिपाई पाणी घालून रोज प्यायचे तो, त्यांचं साधं स्वस्त पेय. मी लहानपणापासून तो छळाचाच एक भाग समजत होते, बघा किती दुष्ट, तहानलेल्याला व्हिनेगर दिलं. लूकच्या वृत्तांतात आंब देणारे शिपाई खरंच थट्टाच करतायत. पण योहानाकडे थट्टेचा शब्द नाही. एका माणसाने तहान लागली म्हटलं आणि दुसऱ्याने स्वतःच्या पिण्यातलं बुडवून ओठांना लावलं, बस. तो माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, काही सांगितलेलं नाही. मला त्या रात्रीपासून त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते, म्हणजे शिपाई असेल तर काही तासांपूर्वी खिळे ठोकणाऱ्यांतलाच एक असेल हे माहीत असून.

एका मैत्रिणीने मला एकदा विचारलं होतं, मरत असलेल्या माणसाची मूर्ती भिंतीवर लावून तुम्हाला झोप कशी लागते? मी तेव्हा काहीतरी गोल गोल उत्तर दिलं. खरं म्हणजे तिचा प्रश्न पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही पडला असावा, कारण त्यांनीही असली मूर्ती लावली नाही. मासा काढला, जहाजाचा नांगर काढला, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढला, क्रुसावरचा येशू उघडपणे कोरून दाखवायला जवळजवळ चारशे वर्षं गेली. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर एक आहे, साधारण इ.स. ४३० चा, सर्वांत जुन्यांपैकी, आणि त्यातही मागचा क्रूस धड दाखवलेला नाही, हात पसरून उभे असलेले तिघे वाटतात. याच्या खूप आधीचं एक चित्र आहे ते रोमच्याच पॅलाटाइन टेकडीवर भिंतीच्या गिलाव्यात खरवडलेलं, १८५७ मध्ये सापडलं, क्रुसावर गाढवाचं डोकं असलेला माणूस आणि खाली एकजण हात वर करून, शेजारी ग्रीकमध्ये अशुद्ध स्पेलिंगसकट लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या मरणाचं जे अगदी जुनं चित्र आज आपल्याकडे आहे ते कोणीतरी कोणाची तरी खेचायला काढलेलं आहे!

आणि खेचणाऱ्याचं त्या काळच्या हिशोबाने काही चुकलं नव्हतं. क्रूस म्हणजे काय हे तेव्हा लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सहा हजार गुलाम कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने टांगले होते. ही शिक्षा मुख्यतः गुलामांसाठी, बंडखोरांसाठी, ज्यांची गणतीच नाही अशांसाठी. मरण देणं एवढाच हेतू असता तर तलवार स्वस्त पडली असती, इथे उघडं करून, रहदारीच्या जागी, तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचं होतं की हा कोणी नाही. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला एका कबरीत योहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली, त्याच्या टाचेच्या हाडात खिळा तसाच आरपार, साडेअकरा सेंटीमीटरचा. टोक वाकलं होतं, बहुधा लाकडातल्या गाठीला लागून, म्हणून उतरवताना निघालाच नाही, टाचेसकट पुरला. घरच्यांनी तो काढायला किती प्रयत्न केला असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता यातली कमाल अशी की शुभवर्तमानं या सगळ्याबद्दल जवळजवळ गप्प आहेत. कोणी चारही वृत्तांत काढून बघा. मार्क म्हणतो, त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळलं, आणि लगेच कपड्यांच्या वाटणीकडे वळतो. हातोड्याचा आवाज नाही, किंकाळी नाही, रक्त किती वाहिलं नाही. 'खिळे' हा शब्दसुद्धा त्या प्रसंगात येत नाही, तो येतो तीन दिवसांनंतर, थोमा या शिष्याच्या तोंडी, आणि तोही शंका घेताना. आपण नंतरच्या शतकांनी चित्रांत, नाटकांत, सिनेमांत जेवढं रक्त ओतलं त्याच्या एक टक्काही मूळ लिखाणात नाही. मला हे फार उशिरा लक्षात आलं, कारण मी ज्या प्रवचनांत वाढले त्यात चाबकाच्या टोकाला काय बांधलेलं असायचं इथपासून सगळं डिटेलमध्ये असायचं आणि आम्ही मुलं रडायचो, आणि रडलो म्हणजे भक्ती झाली असं मोठ्यांना वाटायचं.

या रक्ताच्या हिशोबातून एक चुकीची समजूत तयार होते, की येशूने जगात सर्वांत जास्त सोसलं म्हणून ते दुःख आपल्याला तारतं. जणू वेदनेचा रेकॉर्ड. पण मार्कच्या हिशोबाने तो सकाळी नऊला खिळला गेला आणि दुपारी तीनला गेला. सहा तास. शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात तर चकित झाला की इतक्यात मेला? शताधिपतीला, म्हणजे तिथल्या शिपायांच्या अधिकाऱ्याला, बोलावून खात्री करून घेतली. शेजारचे दोघे तेव्हा अजून जिवंत होते, त्यांचे पाय मोडावे लागले. कॅन्सरच्या वॉर्डात सहा महिने काढणाऱ्याला तुम्ही सहा तासांच्या वेदनेची मोजपट्टी लावून काय सांगणार? बाबांनीच, ऑपरेशनच्या आधी, चांगल्या शुद्धीत असताना, हसत म्हटलं होतं, प्रभूचं आपलं लवकर आटपलं बघ. आईने डोळे वटारले. मला ते वाक्य अजून कुठल्याही प्रवचनापेक्षा खरं वाटतं, कारण त्यात मोजणीचा फोलपणा एका फटक्यात निघून जातो.

मग काय तारतं? याला ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेली उत्तरं वाचायला बसलात तर एक गंमत दिसेल. येशू कोण होता यावर चर्चने मोठमोठ्या परिषदा भरवल्या, इ.स. ३२५ ची निकिया, ४५१ ची खाल्सेदोन, एकेका शब्दावरून भांडले, पण त्याचं मरण आपल्याला नेमकं कसं वाचवतं यावर त्या प्राचीन परिषदांनी एकच एक थिअरी कधी ठरवली नाही. उपासनेत म्हणायच्या श्रद्धाप्रकटनात आपण म्हणतो ते फक्त एवढंच, आमच्याकरिता, पंतय पिलाताच्या वेळी, क्रुसावर खिळला गेला. 'कसं' ते मोकळं ठेवलंय. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक काळाने आपापल्या जगातलं काहीतरी आणून ठेवलं. येशू स्वतः 'पुष्कळांसाठी खंडणी' असा शब्द वापरतो, तर चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी त्यावरून गळाची उपमा देतो, देवपण माणूसपणाच्या आमिषात लपवलेलं आणि सैतानाने ते गिळलं. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म येतो, सरंजामदारांच्या जगातला, तिथे धन्याचा मान ही सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणून त्याच्याकडे पापाने देवाच्या मानाचं देणं झालंय आणि ते माणसाने फेडायला हवं पण फेडू शकतो फक्त देव. पुढच्याच पिढीतला आबेलार म्हणतो छे, ते प्रेम बघून आपलं मन पालटतं, तीच मुक्ती. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन, वकिलीचं शिक्षण घेतलेला, त्याच्याकडे साहजिकच कोर्ट उभं राहतं, आपल्या वाटची शिक्षा त्याने भोगली.

मी यातल्या कुठल्याच उत्तराला खोटं म्हणत नाही, प्रत्येकाला पवित्र शास्त्रात आधार आहे, जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या ५३ व्या अध्यायातला आमचे क्लेश वाहून नेणारा सेवक तर या सगळ्यांच्या मागे उभाच आहे. पण कोर्टाचं उत्तर एकटंच ऐकत वाढलेली माणसं मी बघितलीत, मीही त्यातलीच, आणि त्याचा एक साइड इफेक्ट असतो, आत कुठेतरी असं बसतं की बाप रागावलेला होता आणि मुलाने मध्ये पडून मार खाल्ला. हे घरातलं दृश्य काही मुलांनी प्रत्यक्ष बघितलेलं असतं. त्यांना हे 'शुभवर्तमान' म्हणून कसं सांगणार? त्रैक्यावरच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या विश्वासाला हे धरूनही नाही, कारण ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रुसावर आहे तो देवाने पकडून आणलेला तिसराच कोणी नाही. इ.स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने हे सरळ लिहून ठेवलंय, देहात खिळला गेला तो पवित्र त्रैक्यातला एक आहे. म्हणजे मारणारा देव आणि मार खाणारा येशू अशी फोडच करता येत नाही. देव त्या लाकडावर आहे. इथे ग्रीक तत्त्वज्ञानात वाढलेल्यांची बरीच पंचाईत झाली होती, देवाला दुखत नाही हे त्यांचं गृहीत, आणि त्यावर शतकानुशतकं काथ्याकूट झाला, तो सगळा मला कळतो असं नाही, कळतो तेवढा सांगितला.

तर या मोठ्या उत्तरांपेक्षा मला गॉजने जिथे नेलं तिथे परत येते. योहान. त्याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू दमून याकोबाच्या विहिरीपाशी बसलाय, भर दुपार, आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईला, ज्यांच्याशी यहूदी व्यवहार ठेवत नसत त्यांच्यातलीला, म्हणतो, मला प्यायला दे. तिला नवल वाटतं, यहूदी माणूस माझ्याकडे पाणी मागतो? मग बोलणं वाढतं आणि तो म्हणतो, मी देईन ते पाणी जो पिईल त्याला पुन्हा कधी तहान लागणार नाही. सातव्या अध्यायात सणाच्या दिवशी उभा राहून ओरडून सांगतो, कोणाला तहान लागली असेल तर त्याने माझ्याकडे यावं. आणि एकोणिसाव्या अध्यायात, मला तहान लागली आहे. बरं, विहिरीवरची वेळ योहान मुद्दाम नोंदवतो, सुमारे सहावा तास, म्हणजे दुपारचे बारा. पिलातासमोर निकाल लागतो तीही वेळ नोंदवतो, सुमारे सहावा तास (मार्कशी हे जुळत नाही, त्यावर अभ्यासकांची भांडणं आहेत, असू देत). एवढा बारकाईने लिहिणारा माणूस हे सहज लिहिणार नाही. जगाला पाणी देतो म्हणणारा स्वतः कोरड्या तोंडाने मेला, आणि शेवटचं पाणी त्याला मागावं लागलं. विहिरीवर मागितलं, क्रुसावर मागितलं. देवाकडे मागायची आपल्याला सवय असते, इथे देव मागतोय, आणि देणारा कोणीतरी हाताशी असलेला माणूस आहे.

मदर तेरेसांच्या सिस्टर्सच्या प्रार्थनाघरांत क्रुसाच्या शेजारी भिंतीवर एवढे दोनच इंग्लिश शब्द लिहिलेले असतात, आय थर्स्ट. पूर्वी मला वाटायचं सातांतून हे का निवडलं असेल. आता वाटतं, ज्यांचं रोजचं कामच कोणाच्या तरी ओठांना ओलं फडकं लावायचं आहे ते दुसरं कुठलं वाक्य निवडतील?

बाबांच्या सहाव्या दिवशी मॉर्फिन सुरू केलं. त्या संध्याकाळी प्रार्थनेला आलेल्या एका वयस्कर माणसाने, नातं सांगत नाही, मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, की एवढं गुंगीचं औषध देऊ नका, दुःख प्रभूला अर्पण करण्याची ही संधी असते, प्रभूने स्वतः बोळ, म्हणजे एक कडू डिंक, मिसळलेला द्राक्षारस नाकारला होता. आता हे खरं आहे, मार्कमध्ये आहे, खिळण्याआधी त्याला तो देऊ केला आणि त्याने घेतला नाही, वेदना बधिर करायला तो देत असावेत असं मानतात. मला उत्तर सुचलं नाही, फक्त हात थरथरायला लागले. उत्तर सुचलं ते रात्री अडीचला, नेहमीसारखं, माणूस निघून गेल्यावर. पहिलं म्हणजे तोच येशू शेवटचा स्पंज घेतो. आणि दुसरं, चारही शुभवर्तमानांत त्याच्याकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला तो म्हणत नाही की सोस, ते तुझ्या भल्याचं आहे. आंधळा आला, बघायला लागला. कुष्ठरोगी आला, हात लावला. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई न विचारता मागून शिवली तर बरी होऊन गेली, वर 'मुली' म्हणून घेतलं. स्वतःच्या बाबतीत पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेतसुद्धा पहिली प्रार्थना काय, तर शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळो. दुःख आवडणाऱ्या माणसाची ही भाषा नसते. नंतर वाचताना कळलं की हाच प्रश्न भूलतज्ज्ञांनी थेट पोपना विचारला होता आणि १९५७ मध्ये बाराव्या पायसनी स्वच्छ उत्तर दिलं होतं, श्रद्धेपोटी वेदना सोसलीच पाहिजे, औषध नाकारलंच पाहिजे असं कुठलंही सरसकट बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. हे त्या संध्याकाळी माहीत असतं तर बरं झालं असतं.

'आपापला क्रूस वाहा' हे वाक्य याच कारखान्यातलं. नवरा मारतो, क्रूस वाहा. मालक पगार बुडवतो, क्रूस वाहा. ज्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी क्रूस म्हणजे संधिवात किंवा खाष्ट सासू नव्हती हो, क्रूस म्हणजे या माणसाच्या मागे गेलात तर सरकार तुम्हाला टांगेल, तयारी आहे का? स्वतः निवडलेल्या वाटेवर येणारं संकट. लादलेल्या अन्यायाला तो शब्द चिकटवणं ही मला सरळ लबाडी वाटते. आणि वाहायचाच झाला तर एकट्याने, हेही कोणी ठरवलं? मत्तय, मार्क, लूक तिघेही सांगतात की कुरेने गावच्या शिमोन नावाच्या माणसाला शिपायांनी वाटेत धरलं आणि त्याच्या खांद्यावर तो क्रूस दिला. याहून वाईट वापर तर या कथेचा यहूदी लोकांविरुद्ध झाला, 'यांनी मारलं' म्हणत शतकानुशतकं त्यांच्यावर हल्ले झाले, काही ठिकाणी गुड फ्रायडेच्याच आठवड्यात, पुण्यसप्ताहात, येशू स्वतः यहूदी, आई यहूदी, शिष्य यहूदी असताना. त्या मरणाचा दोष सरसकट तेव्हाच्या सगळ्या किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येणार नाही असं कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हणायला १९६५ साल उजाडलं. क्रुसाचा अर्थ काढताना हे विसरून चालत नाही, गोड गोड अर्थ काढणाऱ्यांनी तर नाहीच.

माझ्या श्रद्धेला खरा आधार वाटतो तो मात्र वेगळ्याच वाक्याचा. "एलोई, एलोई, लमा सबख्थनी." माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मार्क आणि मत्तयाकडे क्रुसावरचं हे एवढं एकच वाक्य आहे, बाकीची सहा लूक आणि योहानाची. मार्क तर ते अरामीतच ठेवतो, मग अर्थ सांगतो, जणू तो आवाज भाषांतरात हरवू नये. उभे असलेल्यांना तेही नीट ऐकू आलं नाही, त्यांना वाटलं एलीया या जुन्या संदेष्ट्याला हाक मारतोय. आता जाणकार लगेच सांगतात की ही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे आणि ते स्तोत्र शेवटी देवाच्या स्तुतीवर येतं, म्हणजे येशू खचला नव्हता, तो स्तोत्र म्हणत होता. बरोबर आहे. पण तो शेवटची ओळ म्हणाला नाही ना, पहिली म्हणाला. स्तोत्राचा शेवट माहीत असूनही माणूस पहिल्या ओळीवर अडकू शकतो, मला तर वाटतं श्रद्धाळू माणसाचं बहुतेक आयुष्य तिथेच जातं.

युर्गन मोल्टमान म्हणून जर्मन धर्मपंडित होते, २०२४ मध्ये वारले. घर काही धार्मिक नव्हतं. १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा हा सतरा वर्षांचा पोरगा विमानविरोधी तोफेवर ड्यूटीला, शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने गेला, हा वाचला. पुढे युद्धकैदी होऊन स्कॉटलंडच्या छावणीत असताना कोणीतरी बायबल दिलं आणि मार्क वाचता वाचता तो या हाकेपाशी येऊन थांबला, आणि त्याला वाटलं, हा मला ओळखतो. उत्तर मिळालं असं नाही, प्रश्न विचारणारा दुसरा कोणी सापडला. पुढचं आयुष्यभर तो माणूस हीच एक गोष्ट उलटून पालटून सांगत राहिला, की देव कुठे होता याचं उत्तर शोधायला त्या लाकडाकडे बघावं लागतं.

मला हे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फार कामाला आलं, कारण तिथे भेटायला येणारा प्रत्येकजण मला कारणं देत होता. देवाची योजना आहे. देव आवडत्या माणसांचीच परीक्षा घेतो. काहीतरी चांगलं निघेल बघ यातून. माणसं वाईट नव्हती, त्यांना माझी कीव येत होती आणि गप्प बसवत नव्हतं. पण ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्याने 'का' विचारलं आणि वरून आवाज आला नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आवाज आला होता, डोंगरावर रूप पालटलं तेव्हा आला होता, इथे नाही. तिथे कोणी योजना समजावली नाही. मग मला कोणी का समजावावी? मी त्या दिवसांत प्रार्थना म्हणून हीच एक ओळ म्हणत होते आणि पहिल्यांदाच प्रार्थना करताना खोटं बोलतेय असं वाटलं नाही.

फ्रान्समध्ये कोलमारच्या म्युझियममध्ये एक चित्र आहे, मी ते छापील बघितलंय, प्रत्यक्ष नाही. मथियास ग्रूनेवाल्डने साधारण १५१२ ते १५१६ मध्ये इझेनहाइमच्या मठासाठी काढलं. त्या मठात रुग्णसेवा चालायची, आणि तिथे येणारे बरेचसे 'सेंट अँथनीची आग' झालेले, राय या धान्यावरच्या बुरशीमुळे होणारा रोग, अंग जळतंय असं वाटायचं, हातपाय काळे पडून झडायचे किंवा कापावे लागायचे. ग्रूनेवाल्डचा येशू क्रुसावर हिरवट पडलाय, बोटं आकड्यांसारखी वळलेली, आणि सगळ्या अंगावर जखमा, फोड. चाबकाचे वळ एवढेच नाहीत ते, त्यात त्या रोग्यांना आपलं अंग दिसत असणार. त्यांना त्या चित्रासमोर आणून ठेवत असत असं सांगतात. बरं करायचा उपाय फारसा कोणाकडे नव्हताच. तर आपल्यासारखी कातडी झालेला देव समोर, आणि आपण खाली पडलेलो. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला आज द्यायचं झालं तर मी तिला हे चित्र दाखवीन आणि गप्प बसेन.

एक गोष्ट मात्र विसरायला नको, ख्रिस्ती माणूस क्रूस बघतो तो पुनरुत्थानाच्या, म्हणजे रविवारी येशू मरणातून उठला त्याच्या, या बाजूने. रविवार ठाऊक नसता तर शुक्रवार कोणी आठवलाही नसता, त्या सहा हजारांतला एखादा धरून विसरला गेला असता. काही चर्चमध्ये क्रूस रिकामा असतो, तो उठला म्हणून, आमच्याकडे देहासकट असतो, आणि यावरून दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना बरंच ऐकवून झालंय. मला दोन्ही पटतात. पण रविवारने शुक्रवार पुसला जात नाही याची एक खूण योहानाने ठेवलीय. उठलेला येशू थोमाला म्हणतो, बोट इकडे कर, माझे हात बघ, हात पुढे कर आणि माझ्या कुशीत घाल. मरण हरवून आलेल्या देहावर जखमा तशाच आहेत. कोऱ्या अंगाने यायला काय हरकत होती? पण शिष्यांनी ओळखलं ते जखमांवरून. मला बाबा पुन्हा भेटतील असा माझा विश्वास आहे, आणि भेटतील तेव्हा पोटावरची ती लांब टाक्यांची रेघ असेल का असा एक बावळट प्रश्न मला पडतो, आणि का कोण जाणे, असावी असं वाटतं.

दहाव्या रात्री ते बरेचसे गुंगीत होते. तीनच्या सुमारास डोळे उघडले, मला ओळखलं की नाही माहीत नाही, पण तेच म्हणाले, आवाज नव्हताच, ओठांच्या हालचालीवरून कळलं. वाटीतलं पाणी कोमट झालं होतं म्हणून मी बदलून आणलं, गॉज बुडवला, निथळला. ओठांना लावला तर त्यांनी तो दातांत धरला आणि लहान मूल चोखतं तसा चोखायला लागले, सोडेनात, इतक्या दिवसांत अंगात एवढी ताकद मी बघितली नव्हती. मी सिस्टरकडे पाहिलं. त्या टेबलापाशी काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी मान वर करून बघितलं, आणि पुन्हा लिहायला लागल्या.